तांब्याभर पाणी

२००९ साली मावशी आमच्याकडे कामाला लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मोरीतून तांब्याभर पाणी आणलं, ओंजळीत घेतलं आणि हॉलच्या फरशीवर शिंपडायला सुरुवात केली. मी स्वयंपाकघरातून धावत आले. "अहो मावशी, हे काय? पाण्याचे डाग पडतील. आधी कोरडा केर काढा, मग पुसून घ्या." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, तांब्या मोरीत नेऊन ठेवला आणि झाडू उचलला. त्यानंतर जवळजवळ तेरा वर्षं त्यांनी आमच्या घरात केर काढण्याआधी पाणी शिंपडलं नाही.

ती वर्षं माझ्या मनावर आहेत, म्हणून हे लिहायला बसले आहे. मी शाळेत विज्ञान शिकवत होते. एकोणतीस वर्षं शिकवलं. धूळ हवेत कशी तरंगते, उजेडाच्या झोतात का दिसते, हे दरवर्षी फळ्यावर आकृती काढून समजावलं. आणि ज्यांना हे वर्गात न बसता ठाऊक होतं, त्यांना मी हातातला तांब्या खाली ठेवायला लावला.

स्वच्छतेच्या बाबतीत मी कडक होते. माहेरी आईचा दंडक होता की सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी, असा दोनदा केर निघालाच पाहिजे. लग्नानंतर मी तो तसाच चालवला. सिंहगड रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावरचा आमचा दोन खोल्या आणि हॉलचा फ्लॅट, खाली दिवसरात्र वाहतूक. टेबलावर सकाळी बोट फिरवलं तर संध्याकाळी पुन्हा रेघ उमटायची. त्यावर माझा इलाज एकच, आणखी झाडणं. झाडू जोरात फिरला पाहिजे, कोपऱ्यातून खसाखसा आवाज आला पाहिजे, सोफ्याच्या पाठी थोपटल्या पाहिजेत, पुस्तकं एकमेकांवर आपटून झटकली पाहिजेत. शेवटी सुपलीत जो राखाडी ढीग जमायचा, तो पाहिला की मला काम झाल्यासारखं वाटायचं. ढीग लहान दिसला की मी मावशींना पलंगाखाली पुन्हा पाठवायची.

शाळेतही तेच. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते. १९५६ साली याच दिवशी ते गेले. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावाला कीर्तन सांगायचं, असं त्यांचं आयुष्य. त्यांच्याविषयी मला फार आदर आहे, आजही आहे. त्या दिवशी आम्ही मुलांकडून सगळं मैदान आणि वर्ग झाडून घ्यायचो. चाळीस-चाळीस मुलं कोरड्या मातीत खराटे चालवायची. पंधरा मिनिटांत मुलांच्या पापण्यांवर मातीची साय दिसायची, दोन-तीन जण खोकत बाजूला बसायची. मी त्यांना पाणी प्यायला पाठवायची आणि परत रांगेत उभं करायची. आधी मैदानावर पाणी मारून घ्यावं, हे मला एकदाही सुचलं नाही. नळ मैदानाच्या कडेलाच होता.

२०२१ च्या जूनमध्ये मी निवृत्त झाले. तोपर्यंत मावशी यायच्या त्या वेळी मी शाळेत असायची. सुट्टीच्या दिवशी घरी असले तरी स्वयंपाकघरात. घर झाडलं जाताना हॉलमध्ये निवांत बसून पाहण्याची वेळ माझ्यावर तोवर आली नव्हती. २०२२ च्या जानेवारीत एका सकाळी मी पेपर घेऊन बसले होते. आमची एक खिडकी पूर्वेला आहे आणि थंडीत नऊच्या सुमाराला तिथून ऊन तिरपं आत येतं. पडदा अर्धा सरकवलेला होता, त्यामुळे उन्हाचा एक पट्टा हॉलच्या मधोमध उतरला होता. मावशी वाकून झाडत त्या पट्ट्यात शिरल्या.

उन्हात सगळं दिसलं. झाडूच्या प्रत्येक फटकाऱ्यासरशी फरशीवरून एक लाट उठत होती, मावशींच्या गुडघ्यांपर्यंत, मग छातीपर्यंत, मग तोंडाभोवती. त्या वाकलेल्या असल्यामुळे त्यांचा चेहरा जमिनीपासून हात-दीड हातावर होता, म्हणजे बरोबर त्या लाटेत. पदराचं टोक त्यांनी दातात धरलं होतं. ते मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. बायकांची सवय असते, असं मी धरून चालले होते. त्या दिवशी कळलं की तो पदर त्या नाकावर ओढू पाहत होत्या आणि दोन्ही हात कामात असल्यामुळे दातात धरण्याखेरीज इलाज नव्हता.

त्यांनी सुपली भरली, केर बादलीत टाकला. फरशी स्वच्छ दिसत होती. उन्हाचा पट्टा मात्र कणांनी गच्च भरलेला होता. मी पेपर बाजूला ठेवला आणि घड्याळ लावून बसले. वीस मिनिटांनी मावशी फरशी पुसून भांड्यांकडे वळल्या तरी पट्टा भरलेलाच होता. नुकतं पुसलेल्या फरशीवर, टेबलावर, देवघरावर, तेच सगळं पुन्हा उतरत होतं.

मी विचारलं, "मावशी, त्रास होतो का हो झाडताना?"

त्या म्हणाल्या, "व्हतो की. पानी मारलं की बसती ती खाली. तुमीच नगं म्हनला हुता, ताई."

यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. तेरा वर्षांत मी विचारलंच नव्हतं.

उजेडाच्या झोतात कण दिसतात, त्याला टिंडल परिणाम म्हणतात. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाची गोष्ट मी दरवर्षी वर्गात रंगवून सांगत असे. १८७० मध्ये त्यांनी लंडनमध्ये धूळ आणि रोग या विषयावर व्याख्यान दिलं. अंधाऱ्या दालनात प्रकाशाचा झोत सोडून हवेतली धूळ लोकांना दाखवली. मग झोताखाली दिवा धरला, तर झोतात काळे लोळ उठले. पाहणाऱ्याला तो धूर वाटला असता. प्रत्यक्षात तिथली धूळ जळून गेली होती आणि उजेड विखुरायला कणच उरले नव्हते. काळं दिसत होतं ती स्वच्छ हवा होती. मुलांचे डोळे इथे मोठे व्हायचे.

पण त्या गोष्टीचा पुढचा भाग मला त्या जानेवारीत नव्याने समजला. पुढे टिंडलना पूर्णपणे धूळविरहित हवा हवी होती. बंद पेटीत मांसाचा रस ठेवून तो नासतो की नाही, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी त्यांनी पेटी झाडली नाही की फुंकली नाही. आतल्या भिंतींना ग्लिसरीन लावलं आणि पेटी काही दिवस हलवलीच नाही. धूळ आपोआप खाली आली आणि जिथे टेकली तिथे चिकटून राहिली. मग झोत टाकला तर पेटीत तो दिसेनासा झाला. म्हणजे दोनच गोष्टी लागल्या, हवा शांत ठेवणं आणि कण टेकेल तिथे त्याला धरून ठेवणारा ओला थर. मावशींच्या तांब्यात तेच होतं. हा प्रयोग मी कितीदा शिकवला असेन! घरातला झाडू आणि फळ्यावरची पेटी यांची माझ्या डोक्यात कधी भेटच झाली नाही.

मग मी हिशेब मांडला. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला जवळपास ३ मिलिमीटर खाली येतो. आपल्या नाकाच्या उंचीवरून, म्हणजे दीड मीटरवरून, जमिनीला लागायला त्याला आठ-नऊ मिनिटं पुरतात. अडीच मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच वाटेला दोन तासांवर लागतात. एक मायक्रॉनचा कण अर्धा दिवस घेतो. हे हवा अगदी स्थिर असेल तर. आमच्याकडे केर काढून झाला की फरशी वाळावी म्हणून पंखा पाचवर असायचा. संध्याकाळी टेबलावर जी रेघ उमटायची आणि जिच्यासाठी मी रस्त्याला, ट्रकला, शेजारच्या बांधकामाला बोल लावायची, तिच्यात आमच्याच सकाळच्या झाडूने उडवलेली धूळ मोठ्या प्रमाणात होती. बाहेरून धूळ येत नाही असं नाही. खाली पुलाचं काम चालू होतं तेव्हा खिडकीच्या जाळ्या आठवड्यात तपकिरी व्हायच्या. पण आत आलेली धूळ बाहेर नेण्याऐवजी मी ती दिवसातून दोनदा हवेत पाठवत होते.

माझा स्वतःवर विश्वास बसावा म्हणून एक साधी तुलना केली. काळ्या कार्डशीटचे दोन तुकडे घेतले. एक दिवस नेहमीसारखा कोरडा केर काढून घेतला आणि एक तुकडा शोकेसवर दोन तास ठेवला. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने काम केलं आणि त्याच जागी, तेवढाच वेळ दुसरा ठेवला. रात्री दिवे घालवून दोन्हींवर टॉर्च आडवा धरला. पहिल्यावर तांदळाची बारीक पिठी भुरभुरल्यासारखी दिसत होती. दुसऱ्यावर बोटांवर मोजता येतील इतके ठिपके. एका घरातला एक दिवस म्हणजे सिद्धांत नव्हे, हे मला कळतं. मला तेवढा पुरला. टॉर्च आडवा धरायची युक्ती मात्र कुणीही करून पाहावी. रात्री खोलीत अंधार करून टॉर्च फरशीवर आडवा ठेवला की घर किती स्वच्छ आहे, ते सुपलीतल्या ढिगापेक्षा खरं दिसतं.

आमच्या यजमानांच्या शिंकांचं कारण कळलं तेही त्याच वर्षी. रोज सकाळी उठल्या उठल्या सात-आठ शिंका, डोळ्यांतून पाणी, नाक चोंदलेलं. पावसाळा संपता संपता जास्तच. मी तेही रस्त्यावर ढकललं होतं आणि उपाय म्हणून त्यांच्या खोलीत झाडू आणखी कसून मारून घेत होते. डॉक्टरांनी हातावर त्वचेची चाचणी केली. रस्त्याच्या धुळीचा त्यात संबंध नव्हता. घरातल्या धुळीत राहणाऱ्या माइट नावाच्या जीवाची ॲलर्जी निघाली.

हा कोळ्याच्या नात्यातला, आठ पायांचा, पाव मिलिमीटरच्या आसपासचा जीव. डोळ्यांना दिसत नाही. चावत नाही. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या पापुद्र्यांवर जगतो. पाणी पीत नाही, हवेतली ओल अंगात शोषून घेतो. म्हणून दमट दिवसांत फोफावतो आणि कोरड्या हवेत मरतो. १९६० च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी दाखवलं की घरातल्या धुळीने ज्यांना शिंका आणि दमा होतो, त्यांच्या त्रासामागे बहुतेक वेळा हा जीव असतो. त्रास देतात ते त्याच्या विष्ठेचे कण, त्यातली पाचक प्रथिनं. जीव मेला तरी ते कण गादीत पडून राहतात. म्हणून पावसाळा सरल्यावरही शिंका थांबत नाहीत.

हे कण तुलनेने जड असतात. उडाले तर थोड्या वेळात खाली बसतात. म्हणजे कुणीतरी उडवल्याशिवाय ते नाकात जात नाहीत. आणि उडवणारी मी होते. रोज सकाळी साडेसहाला, यजमान पलंगाच्या कडेला बसून चपला शोधत असताना, मी त्यांच्या मागे उभी राहून चादर फटाफट झटकायची. उशा एकमेकींवर आपटायची. आणि ते शिंकायला लागले की म्हणायची, "बघा, खिडकी उघडली की लगेच धूळ येते." हे लिहिताना मला आजही लाज वाटते. त्यांनी चौदा-पंधरा वर्षं त्या शिंका सोसल्या आणि मी त्यांना खिडकी बंद करायला लावली.

गादी अठरा वर्षांची, कापसाची. आई दर वर्षी मे महिन्यात गाद्या-गोधड्या गच्चीवर टाकून दिवसभर ऊन दाखवायची. फ्लॅटमध्ये आल्यावर मी ते सोडून दिलं होतं. जिना चढून गाद्या नेणार कोण? उन्हाने गादी तापते, कोरडी होते, त्या जिवांना ते मानवत नाही, हे खरं. पण जाड गादीच्या पोटापर्यंत ऊन पोचत नाही आणि आत साठलेले कण तसेच राहतात. म्हणून आम्ही जुनी गादी काढली. नवीन गादीला आणि उशांना घट्ट विणीचं, चेन लावून पूर्ण बंद होणारं कव्हर घातलं. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुते. कोमट पाण्याने ते जीव मरत नाहीत, साधारण ५५ अंशांच्या वर पाणी लागतं. सकाळी चादर झटकत नाही. पांघरुणाची घडीही लगेच घालत नाही, गादीला तासभर हवा लागू देते. शिंका पूर्ण गेल्या असं मी म्हणणार नाही. सातच्या दोन झाल्या, आणि त्या दोन ऐकल्या की मी काही बोलत नाही.

मधल्या काळात मी आणखी एक चूक केली. कोरडा झाडू वाईट हे पटल्याबरोबर बाजारात जाऊन व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आले. मशीन आलं की प्रश्न सुटला, असं मनाने घेतलं होतं. त्या यंत्राचा जन्मच मुळी या भांडणातून झाला आहे. १९०१ च्या सुमाराला ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं आणि त्याच्या मनात आलं की उडवण्याऐवजी ओढून घेतली तर? त्याने उपाहारगृहातल्या खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली. रुमालावर काळा डाग उमटला. कल्पना सोळा आणे खरी आहे. पण मी आणलेल्या मशीनला साधी कापडी पिशवी होती. एका सकाळी ते उन्हाच्या पट्ट्यात चालवून पाहिलं. पुढून ते केर ओढत होतं आणि मागच्या झरोक्यातून बारीक धूळ हवेत सोडत होतं. मोठा केर पिशवीत, बारीक सगळा बाहेर. ज्यांना मशीन घ्यायचंच आहे त्यांनी हेपा फिल्टर असलेलं घ्यावं. तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, या मापालाच हेपा म्हणतात. आमचं मशीन आता गाडीतली वाळू काढायला वापरतो, तेही गाडी मोकळ्या जागेत उभी करून.

घरात आता जे चालतं ते सांगते. काम वरून खाली होतं. पंखे बंद. पंख्याच्या पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवायचा आणि ओढून घ्यायचा, धूळ अभ्र्याच्या आत राहते, डोक्यावर पडत नाही. मग कपाटांचे माथे, दारांच्या वरच्या कडा, खिडक्यांच्या चौकटी, टेबलं, सगळं ओलसर फडक्याने. ओलसर म्हणजे पिळून थेंब पडणार नाही इतकं. फार ओलं असलं तर धुळीचा चिखल होऊन पट्टे उमटतात. माझ्या जुन्या आक्षेपात तेवढं तथ्य होतं. फडक्याची चार पदरी घडी घातली की आठ कोऱ्या बाजू मिळतात. एक काळी झाली की दुसरी. मळलेलंच फडकं पुढे ओढणं म्हणजे एका कोपऱ्यातली धूळ दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवणं. बादलीचं पाणी खोलीगणिक बदलायचं. यावर मावशींचं आणि माझं एकदा वाजलं, कारण बादल्या त्यांना उचलाव्या लागत होत्या. आता बादली अर्धीच भरतो आणि ओतायला मी जाते.

फरशीसाठी लांब दांड्याचा मॉप आणला. आधी एक ओलसर फेरा, केस आणि बारीक केर त्यालाच चिकटून येतो. मग दुसरा, स्वच्छ पाण्याचा. मावशींना वाकावं लागत नाही, गुडघ्यावर बसावं लागत नाही. वेळ जास्त लागतो म्हणून त्यांचा पगार वाढवला, आणि संध्याकाळचा केर बंद केला. दोनदा झाडण्यापेक्षा एकदा धरून काढलेलं पुरतं. पायपुसणी दोन केली, एक दाराबाहेर आणि एक आत. ती जिन्यात झटकायची नाहीत, आठवड्याला धुवायची. उघडी शोकेस काढून टाकली, बक्षिसाच्या ढाली आणि बाहुल्या कपाटात गेल्या. जी वस्तू पुसली जाणार नाही ती मांडून ठेवायची नाही, एवढं ठरवलं. उदबत्ती बंद करायला मात्र यजमानांची तयारी नाही. तिचा धूर हा सगळ्यात बारीक कणांचाच, आणि तो कुठल्याही फडक्याला सापडत नाही. सध्या एकच लावतो, खिडकी उघडी ठेवून.

वर्गात सांगितलेल्या आणखी एका गोष्टीबद्दल मला माझ्या विद्यार्थ्यांची माफी मागायची आहे. घरातली धूळ म्हणजे मुख्यतः माणसाची झडलेली कातडी, असं मी ठामपणे सांगत असे. मुलांना ते किळसवाणं आणि मजेशीर वाटायचं. हे असं सरसकट खरं नाही. घर कुठे आहे, खिडक्या किती उघड्या, माणसं किती, यावर धूळ बदलते. रस्त्यालगतच्या आमच्यासारख्या घरात माती, वाळू, काजळी आणि कपड्यांचे धागे भरपूर असतात. कातडी असते, पण तेवढीच नसते. ज्याने ऐकलं त्याने हे दुरुस्त करून घ्यावं.

हे सगळं चालू असताना आजी आठवत राहिली. वाईजवळच्या गावात तिचं मातीच्या जमिनीचं घर होतं. पहाटे अंगणात सडा पडायचा, आणि आत केरसुणी लावण्याआधीही ती तांब्यातून हाताने पाणी शिंपडायची. शिंतोडे पायावर पडले की आम्ही उड्या मारायचो. आठवड्याने शेणाने सारवलं की जमीन घट्ट व्हायची, माती सुटायची नाही. मी हे पाहिलेलं होतं, शिंतोडे माझ्याच पायांवर पडले होते. मग शहरात फरशी आली आणि जमिनीतून माती सुटेनाशी झाली, तेव्हा पाण्याचं कारणच संपलं असं माझ्या मनाने घेतलं. धूळ जमिनीतून नाही तर हवेतून आणि कपड्यांतून येत राहिली, ती मला दिसली नाही.

जुन्या लोकांना सगळं कळत होतं, असं मात्र मला म्हणायचं नाही. त्याच आजीचा जन्म चुलीपुढे गेला. तिची छाती शेवटची दहा वर्षं घरघरत होती आणि चुलीच्या धुरावर त्या घरात कुणी काही केलं नाही. तिला एक गोष्ट नीट ठाऊक होती, एवढंच. लक्ष्मीपूजनाला मी अजूनही शिंदीची नवी केरसुणी आणते, हळदकुंकू लावते. वर्षभर ती गॅलरीत वापरते, कुंड्यांच्या भोवती, आधी पाणी मारून.

गेल्या हिवाळ्यात मावशींचा खोकला वाढला. आमच्याकडे कोरडा केर बंद होऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे मला आधी ते कळेना. विचारलं तर म्हणाल्या, याच इमारतीत त्यांची आणखी चार घरं आहेत आणि चारही ठिकाणी कोरडं झाडूनच घेतात. आमच्या घरातली चाळीस मिनिटं सोडली तर त्यांची सकाळ त्याच लाटेत जाते. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि धुळीत काम करू नका, असं सांगितलं. मावशी त्यावर काही बोलल्या नाहीत. मीही काय बोलणार होते?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी सोसायटीतल्या बायकांना घरी बोलावलं होतं. तिळगूळ देऊन झाल्यावर मी पडदा अर्धा ओढला, टॉर्च लावला आणि कोरड्या झाडूचे चार फटकारे मारून दाखवले. खोलीत एकदम शांतता झाली. दोघींनी मॉप कुठून घेतला ते विचारलं. एकीने तिच्या मुलाच्या दम्याबद्दल बराच वेळ विचारलं, आम्ही दारात उभ्या राहून बोलत होतो. चौथ्या मजल्यावरची बाई समजूतदार आहे, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, तिचं घर आरशासारखं असतं. ती म्हणाली, "काकू, पटतं हो. पण पाणी आलं की फरशीवर डाग राहतात. मी आधी कोरडा केरच काढायला सांगते."

माझंच वाक्य होतं ते, २००९ मधलं. त्यावर लगेच काय म्हणावं, मला सुचलं नाही. मी तिला मॉप पिळून दाखवला, किती ओला हवा ते. तिने हात लावून पाहिला, मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडचं आटोपून मावशी वर गेल्या. थोड्या वेळाने छतातून पलंग सरकवल्याचा आवाज आला, आणि मग उघड्या खिडकीतून झाडूचा, कोरडा, खसाखसा.